मुंगीचा सहावा विषय

१२ ऑक्टोबर

'प्रिय' लिहावं की नाही यात इतका वेळ गेला की पुढचा विद्यार्थी येऊन गाडीची काच वाजवायला लागला. त्याला म्हटलं, थांब जरा, तोवर आरसे पुसून घे. तर 'प्रिय' राहू दे, सरळ मुद्द्यावर येतो.

तुझं पत्र मिळालं. फोनवर आपण बोललो की तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून यापुढे जे काही ते लिहून, हा तुझा नियम मला मान्य आहे. लिहिलं की निदान माझा चढलेला आवाज तुला ऐकू येत नाही. आत्ता चढलेला आहे, एवढं फक्त सांगून ठेवतो.

मुंगीला शाळेची शेवटची दोन वर्षं तुझ्याकडे यायचंय. त्याला आई-बाप दोघांची संमती लागते. तुझी आहे, माझी मार्चअखेर हवी. कारण काय, तर तिला मानसशास्त्र घ्यायचंय, तो विषय इथल्या शाळेत नाही आणि तुझ्या घराजवळच्या शाळेत आहे. अगं, मानसशास्त्रासाठी देश ओलांडायची काय गरज? आपल्याच घरात दोन नमुने होते, पोरीला जन्मापासून फुकट बघायला मिळाले.

मी नाही म्हणत नाहीये. पुन्हा वाच, नाही म्हणत नाहीये. पण आधी हा अभ्यासक्रम मला कळायला हवा. शाळा मीच निवडली होती, आठवतं? तुझं काम पुलांचं, एक पूल उभा राहिला की पुढचा देश. मी म्हणालो होतो, हीच शाळा घेऊ, जगात कुठेही गेलो तरी धडे तेच, पोरीचं वर्ष बुडणार नाही, तिघं मिळून फिरू. मग तुझी बदली आली तेव्हा माझं ड्रायव्हिंग स्कूल नुकतं कुठे उभं राहत होतं. तू गेलीस की मी आलो नाही, हा वाद आपल्याला वकिलासमोरही संपवता आला नाही, तो इथे नको. तिघांचं फिरणं राहिलं. अभ्यासक्रम तेवढा ठरल्याप्रमाणे वागतोय.

कालच एक तमाशा झाला. प्रगतिपुस्तक आलं. गणितात चार! मी म्हटलं, दहापैकी चार? मुंगी म्हणाली, "सातपैकी, बाबा." मी लगेच हिशेब केला, सत्तावन्न टक्के. आणि सुरू झालो. सत्तावन्न टक्क्यांना कोण विचारतं, उद्यापासून मोबाईल बंद, वगैरे वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "याचे टक्के करायचे नसतात. चार म्हणजे अपेक्षेइतकं येतंय." मी विचारलं, कुणाच्या अपेक्षेइतकं? तर कपाळाला हात लावून आत निघून गेली. थेट तुझ्यासारखी.

माझ्या धंद्यात बरं आहे. परीक्षक शेजारी बसतो, पोरगं गाडी चालवतं, पास नाहीतर नापास. संध्याकाळी पोरगं काय शिकलं यावर निबंध लिहायला लागत नाही.

तर मी अभ्यास करतो आणि कळवतो.

मुंगीचा बाबा


२ नोव्हेंबर

पालकांसाठी माहितीची सभा होती, जाऊन आलो. पुढच्या रांगेत बसलो. शाळेत असताना कधी बसलो नव्हतो.

पडद्यावर एक मोठं वर्तुळ दाखवलं, त्याच्या सहा फाका. सहा विषय. त्यातले तीन वरच्या पातळीवर घ्यायचे, म्हणजे जास्त खोलात, आणि तीन साध्या पातळीवर. शिवाय प्रत्येकाने स्वतःला पडलेल्या एका प्रश्नावर चार हजार शब्दांचा निबंध लिहायचा. शिवाय खेळ, कला आणि समाजाचं काहीतरी काम, तेही आपणच शोधून. आणि शिवाय एक विषय असा की, आपल्याला जे माहीत आहे ते आपल्याला माहीत आहे हे आपल्याला कसं माहीत. हसू नकोस, खरंच आहे. माझ्या शेजारी टाय लावलेले एक गृहस्थ होते, तेही हे ऐकून चष्मा पुसायला लागले.

भिंतीवर शिकणारा कसा असावा याचे गुण लिहिलेत. विचारी, प्रामाणिक, मोकळ्या मनाचा, सगळं ठीक. मध्येच एक, 'जोखीम घेणारा'. मी ताडकन हात वर केला. म्हटलं, बाई, मी दिवसभर याच वयाच्या पोरांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतो, त्यांना जोखीम घ्यायला शिकवावं लागत नाही हो, ती उपजतच येते! सभा हसली. सभा घेणाऱ्या कोऑर्डिनेटर बाईही हसल्या. म्हणाल्या, जोखीम म्हणजे बेफिकिरी नव्हे. जिथे पुढचं दिसत नाही तिथेही विचार करून पाऊल टाकणं. माझ्या डोळ्यांसमोर सिग्नल बंद पडलेला चौक आला. मी हात खाली घेतला.

घरी आल्यावर मुंगीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला पुन्हा समजावलं. चमचे मांडले. हा भाषेचा, हा दुसऱ्या भाषेचा, हे गणित, हे विज्ञान, ही चित्रकला. पाच झाले. सहाव्याची जागा मोकळी ठेवली आणि म्हणाली, "इथे मानसशास्त्र, ते तिकडे." मी म्हटलं, तिथे इतिहास ठेव की, इतिहास इथे आहे. ती म्हणाली, "बाबा, प्लीज." मग चमचे उचलून आम्ही सूप प्यायलो.

मला अजून नीटसं कळलेलं नाही. त्या पातळ्यांचं तर मुळीच नाही. उद्या तिला परत विचारतो.

मुंगीचा बाबा


२१ जानेवारी

मधे लिहिलं नाही, परीक्षांचा मोसम होता. माझ्या विद्यार्थ्यांच्या. एकाने परीक्षकासकट गाडी फुटपाथवर चढवली.

काल शाळेत आणखी एक सभा झाली, मुलांनी घेतलेली. म्हणजे पोरगं पालकांना समोर बसवतं आणि स्वतःचं प्रगतिपुस्तक स्वतःच वाचून दाखवतं. मास्तर कोपऱ्यात बसतात, पण त्यांनी तोंड उघडायचं नाही असा नियम आहे. मी आपला इस्त्रीचा शर्ट घालून तक्रारी ऐकायच्या तयारीने गेलो होतो. तक्रार करायला कुणीच नाही! समोर आपलीच पोर, केस बांधलेली, हातात कागद, "बसा" म्हणाली मला. घरात 'अरे बाबा' म्हणते, तिथे 'बसा'. मी बसलो.

तिने एक चुकलेलं गणित दाखवलं. बरोबर आलेलं नाही, चुकलेलं, आणि कुठे घसरले ते समजावून सांगितलं. मग स्वतःबद्दल बोलायचं असतं. चांगलं काय, तर म्हणाली, चिकाटी. कमी काय, तर म्हणाली, "मला जे हवं असतं ते मी माणसाला सरळ सांगू शकत नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून भलतंच कारण पुढे करते." मी मान डोलावली. बास्केटबॉल सोडताना तिने गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं होतं, आठवतं? तेच असणार.

तुझ्यासाठी लॅपटॉप उघडून ठेवला होता. तुझी मीटिंग होती ते कळलं, मी काही बोलत नाहीये. पण बोलता बोलता तिचं लक्ष त्या काळ्या पडद्याकडे जात होतं. आणि सगळं संपत आलं असताना तू आलीस. हेल्मेट डोक्यावरच, मागे क्रेनचा आवाज. तर ही पोर, जी माझ्याशी बँकेतल्या बाईसारखी बोलत होती, ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायला लागली. भराभरा, मध्येच हसत. चुकलेलं गणितसुद्धा. मास्तरांनी घड्याळ बघितलं, पण नियमामुळे बोलता येईना.

मला वाटतं, दुसऱ्यांदा सांगताना सरावाने मोकळेपणा येतोच. पोरांचं असंच असतं. माझ्याकडेही दुसऱ्या फेरीला गाडी नीट चालवतात.

तुझी तब्येत बरी दिसली. थोडी बारीक झालीयेस.

मुंगीचा बाबा


१० फेब्रुवारी

"मुलांना हा अभ्यासक्रम पुरा करायला दोन वर्षं लागतात, तुला समजून घ्यायला किती लागणार?" वा! हे वाक्य लिहिताना तू स्वतःशीच हसली असणार, माहितीये मला.

मी वेळ काढतोय म्हणतेस. कागदाला हात लावायचा नाही म्हणून पोरीला रोज तेच तेच विचारून तिचं डोकं खातोय म्हणतेस. तिने सांगितलं का हे तुला? सांगितलं असेल तर सांगू दे. बापाने प्रश्नही विचारायचे नाहीत? तू पूल बांधतेस, तुला कुणी विचारतं का, बाई गं, किती दिवस मोजमाप घेणार, टाका एकदाचं सिमेंट?

आणि समज, काढतोय वेळ. कुणाचा काढतोय? माझाच ना? उन्हाळ्यानंतर या घरात माझ्याशिवाय कोण असणार आहे ते तू एकदा सांग. तू गेलीस तेव्हा घरात निदान ती होती. शाळेतून आली की दप्तर फेकायची, फ्रिज उघडा ठेवायची, मी ओरडायचो. आता ओरडायला तरी कोण उरणार?

हे लिहायला नको होतं. पण खोडत बसत नाही.


२ मार्च

सापडलं!!

बस, आता मी तुला पाणी पाजतो की नाही बघ. शाळेची नियमांची पुस्तिका घेऊन आज परीक्षा केंद्राबाहेर बसलो होतो. पोरं आत चाचणी देत होती, मी गाडीत वाचत होतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही पान न सोडता. आणि काय लिहिलंय माहितीये? शाळेत नसलेला एखादा विषय विद्यार्थी ऑनलाइन घेऊ शकतो. शिक्षक दूर कुठेतरी असतो, तास संगणकावर होतात, परीक्षा आपल्याच शाळेत बसून. आणि विषयांच्या यादीत मानसशास्त्र आहे. वरच्या पातळीवर! म्हणजे सहावा विषयही इथे झाला, पोरीला कुठे जायला नको, तुला विमानतळावर यायला नको, मला संमती द्यायला नको.

तू म्हणशील, इतके महिने तुला अभ्यासक्रम कळत नव्हता आणि आज एकदम वरच्या पातळीवर कसा कळला. कळत होता गं पहिल्यापासून. सहा चमचे कुणाला कळत नाहीत?

मुंगीला अजून काही बोललो नाही. आधी कोऑर्डिनेटर बाईंकडून पक्कं करतो, मग सांगतो. तिचा चेहरा बघायचाय मला. तुझी सामानाची खोली आहे ना, खिडकीची, ती रिकामी करून तिथे तिचं टेबल टाकायचं ठरवलंय, तास शांतपणे व्हायला हवेत. पडदे तिला आवडतील ते. येताना दुकानात रंगही बघून आलो.

तुला वाईट वाटेल, समजू शकतो. सुट्टीत पाठवीन की तुझ्याकडे. मोठ्या सुट्टीत, पूर्ण सुट्टी. मी काही इतका दुष्ट नाही.

मुंगीचा (अतिशय हुशार) बाबा


८ मार्च

बाई भेटल्या. चहा दिला. बोलणं झालं. बाकी ठीक.

सध्या एक आजी शिकायला येतात माझ्याकडे. नवरा गेला, गाडी दारात उभी, चालवणारं कुणी नाही. मुलगा म्हणाला विकून टाक, त्या म्हणाल्या मी शिकते. चढावर गाडी थांबवायची वेळ आली की डोळे मिटून घेतात. मी ओरडतो, आजी, डोळे उघडा! त्या म्हणतात, उघडले की भीती वाटते. आज मात्र चढावरून छान निघाल्या. मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो, दाबावा लागला नाही. उतरताना म्हणाल्या, तुमचं लक्ष कुठे होतं आज?

रंगाचं काम पुढे ढकललंय.

तुझ्या घरात तिच्यासाठी वेगळी खोली आहे का गं? सहज विचारतोय. आणि तू किती वाजता घरी येतेस साधारण?


२७ मार्च

तू दोन पत्रं पाठवलीस आणि मी उत्तर दिलं नाही. त्या ऑनलाइनचं काय झालं म्हणून विचारलंयस. आज सांगतो.

त्या दिवशी मी पुस्तिका घेऊन बाईंच्या समोर बसलो, त्या पानावर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे बघा, आमचा प्रश्न सुटला. बाईंनी पान बघितलंही नाही. म्हणाल्या, "हो, ती सोय आहे ना. मी तिला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, जागाही धरून ठेवते म्हटलं. ती नको म्हणाली. तुम्हाला बोलली नाही का?"

मी म्हटलं, हो हो, बोलली होती, माझ्याच डोक्यातून गेलं. आणि चहा पीत बसलो. चहा संपवावाच लागला, उठता येईना.

बाहेर येऊन गाडीत बसलो तेव्हा पहिल्यांदा अंगाचा तिळपापड झाला. तुझा राग आला. वाटलं, तूच शिकवलंस तिला, दोघींनी मिळून मला शेंडी लावली. फोन काढून तुझा नंबरही लावायला निघालो होतो. मग लक्षात आलं की तुलाही माहीत नाही. माहीत असतं तर त्या चिडक्या पत्रात तू माझ्या तोंडावर मारलं असतंस. तुला ताकास तूर लावू न देणं कधी जमलं नाही.

म्हणजे पोरीने एकटीनेच हे सगळं रचलं. ऑगस्टपासून. मानसशास्त्र, सहावा विषय, वरची पातळी. मी रोज विचारायचो आणि ती रोज चमचे मांडून समजवायची, एकदाही कंटाळली नाही. मला वाटायचं, माझी टाळाटाळ तिला कळत नाहीये. आणि मला तिची कळत नव्हती. एकाच टेबलावर बसून बाप-लेक एकमेकांना एक अख्खा अभ्यासक्रम सांगत होतो, आणि दोघांनाही तो नको होता.

तिला आई हवीये. एवढंच आहे. सोळा वर्षांची पोर, बापाला सोडून आईकडे जायचंय हे बापाच्या तोंडावर म्हणणं तिच्या जिवावर येत होतं. मी एकटा पडेन, मला लागेल, म्हणून तिने बिचारीने इतका मोठा विषय मध्ये उभा केला. मला त्या गाडीत रडू आलं. पुढचा विद्यार्थी आला, त्याला घरी पाठवलं.

तीन आठवडे मी हे घेऊन फिरतोय. वाटत होतं, काही न बोलता मार्च जाऊ द्यावा. तारीख टळली की झालं, नियमच तसा आहे म्हणायचं. खोटं नाही बोलत, तसं ठरवलंही होतं. पण ती जेवताना माझ्याकडे बघते आणि मग पटकन खाली बघते. विचारतही नाही आता. ते मला बघवेना.

आज संध्याकाळी मीच काढलं. म्हटलं, मुंगे, शेवटचं सांग, हे मानसशास्त्र इथे राहून कशानेच होणार नाही ना? दुसरी काहीच सोय नाही?

तिचा हात टेबलावर होता, तो तिने मांडीवर घेतला. मला दिसत होतं, खरं बोलू की नको, तिच्या मनात चाललं होतं. तिने खरं सांगितलं असतं तर तेही मी ऐकलं असतं. पण ऐकायची माझी तयारी नव्हती गं, आणि तिला ते माझ्याकडे बघून कळलं असणार. हळूच म्हणाली, "नाही बाबा. काहीच नाही."

मी म्हटलं, मग जायलाच हवं. एवढा महत्त्वाचा विषय, त्यात तडजोड नको.

ती उठली, माझ्या खुर्चीमागे आली आणि माझ्या मानेत तोंड खुपसून इतकी रडली की शर्टाची कॉलर ओली झाली. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी नाव पडलं, आता वाकल्याशिवाय तिला माझ्या मानेपर्यंत पोचता येत नाही. मी म्हटलं, वेडी का गं, विषयासाठी कुणी रडतं? तर आणखीच रडायला लागली.

संमती शाळेला कळवली आहे. तुझ्याकडच्या शाळेलाही उद्या जाईल.

आता दोन गोष्टी. भांडू नकोस, नीट वाच. मला हे माहीत आहे हे तिला कधीही कळता कामा नये. रागाच्या भरात नाही, लाडात नाही, ती पुढे मोठी होऊन स्वतः सांगायला लागली तरी नाही. तिने माझ्यासाठी जे कारण शोधलं, ते आयुष्यभर खरंच राहू दे.

दुसरं. ती आली की सुरुवातीला मानसशास्त्राबद्दलच बोलेल. पुस्तकं दाखवेल, तास कसे झाले ते सांगेल. ऐक. तिला तो विषय खरंच आवडतही असेल, आवडू दे. पण संध्याकाळी घरी येत जा. मीटिंग असो, साहेब थांबलेला असो, तुझा पूल आडवा झालेला असो, दिवे लागायच्या आत घरी येत जा. ती तेवढ्यासाठीच येतेय.

मुंगीचा बाबा